माईकला मेंदू नसतो

मुलांनो, विषय गाण्याचा आहे, पण सुरुवात गप्प बसण्यापासून करायची. डोळे मिटा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. मग कानावर काय काय पडलं त्याची यादी करा. चिमण्या, शेजारच्यांचा मिक्सर, रस्त्यावरून गेलेली मोटरसायकल, कुणाची तरी हाक... आठ-दहा गोष्टी सहज निघतील. आता आणखी पाच मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करा, हेडफोन लावून ऐका आणि दुसरी यादी करा.

दुसरी यादी लांबलचक होते. फ्रिजची गुणगुण, नळाची टपटप, तुमच्याच खुर्चीची कुरकुर. अरेच्चा! हे सगळं मघाशीही चालूच होतं की! मग तेव्हा ऐकू कसं नाही आलं?

किकवीतल्या मुलांची दुसरी यादी तर हमखास लांब होणार. भोर तालुक्यातलं हे गाव पुणे-सातारा महामार्गावर आहे. पुण्याहून येताना कापूरहोळ मागे पडलं की किकवी लागतं, आणि पुढे सारोळ्याशी नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू. बंगळूरकडे जाणारे ट्रक, एसट्या, टँकर इथून रात्रंदिवस धावत असतात. रस्त्यालगतच्या घरात मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी विचारतो, "काय हो, या आवाजात झोप कशी लागते तुम्हाला?" आणि घरचे म्हणतात, "कुठल्या आवाजात?"

ते थट्टा करत नसतात बरं का. त्यांना खरंच ऐकू येत नाही. म्हणजे कानापर्यंत येतं, पण मेंदू त्यातलं नको ते बाजूला सारतो. लग्नाच्या मांडवात शंभर माणसं एकदम बोलत असतात, सनई वाजत असते, तरी शेजारी बसलेल्या मावशीचं बोलणं तुम्हाला नीट कळतं. आणि लांबून कुणी तुमचं नाव घेतलं की कान लगेच टवकारतात. ही निवड मेंदू कशी करतो, याचा अभ्यास कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानं १९५३ साली केला होता.

माईकला मात्र मेंदू नसतो. गाणं कोणतं आणि ट्रक कोणता, हे त्याला कळत नाही. समोर येईल ते सगळं तो टिपून घेतो. घरच्या कॉम्प्युटरवर गिटार आणि गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर सगळी गंमत इथंच आहे. माईककडे जे नाही, ते आपण पुरवायचं!

सामान काय लागतं?

फार काही नाही. एक कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, एक माईक आणि वायरचे हेडफोन. यूएसबीचा साधा माईक मिळाला तर उत्तम, नाहीतर सुरुवातीला मोबाईलच्या इयरफोनवरचा इवलासा माईकही चालेल. 'ऑडॅसिटी' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते लिहायला घेतलं आणि २००० साली सगळ्यांसाठी खुलं केलं. मोठ्या स्टुडिओत असतात तसे 'ऑडिओ इंटरफेस'चे डबे नंतर कधीतरी घेता येतील. आत्ता घाई नाही.

माईकच्या आत एक पातळ पडदा असतो. हवा हलली की तो हलतो. काही माईकमध्ये पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाजवळ हलतं. चुंबकाजवळ वेटोळं हललं की तारेत वीज तयार होते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्येच दाखवून दिलं होतं. मोबाईल आणि लॅपटॉपच्या माईकमध्ये वेटोळं नसतं, पण पडदा असतोच.

यातून एक भन्नाट प्रयोग करता येतो. हेडफोनमध्येही पडदा, वेटोळं आणि चुंबकच असतं, फक्त काम उलटं चालतं: वीज येते आणि पडदा हलतो. मग हेडफोनच माईक म्हणून वापरला तर? घरी किंवा शाळेत जुना कॉम्प्युटर असेल, तर त्याच्या माईकच्या, बहुधा गुलाबी रंगाच्या, भोकात साध्या हेडफोनची पिन घाला आणि हेडफोनमध्ये बोला. बारीक का होईना, आवाज रेकॉर्ड होतो!

आवाजाचे आकडे

आता माईकमधून वीज निघाली, ती कॉम्प्युटरमध्ये गेली. पुढे काय? कॉम्प्युटरला आवाज ठाऊक नसतो, त्याला फक्त आकडे समजतात.

घरच्या भिंतीवर दर वाढदिवसाला तुमची उंची पेन्सिलीनं मांडून ठेवलेली आठवते? वर्षातून एकच खूण, पण सगळ्या खुणा जोडल्या की तुम्ही कसकसे वाढलात ते दिसतं. कॉम्प्युटर आवाजाची उंची अशीच मांडतो. फक्त वर्षातून एकदा नाही, तर सेकंदाला ४४,१०० वेळा! आणि त्याच्या मोजपट्टीवर ६५,५३६ रेघा असतात. याला '१६ बिट' म्हणतात. गाण्याच्या सीडीसाठी हेच माप ठरलं होतं.

४४,१०० हा विचित्र आकडा कशासाठी? माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. एखादं कंपन नीट टिपायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, हा नियम गणितानं सिद्ध झालेला आहे. २०,००० ची दुप्पट ४०,०००, त्याच्यावर थोडी जागा शिल्लक ठेवली. वय वाढलं की वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. म्हणून घड्याळाची बारीक पिपपिप तुम्हाला ऐकू येते आणि आजोबांना येत नाही.

आता हिशेब करा. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. १८० गुणिले ४४,१०० म्हणजे ७९,३८,०००. तुमच्या तीन मिनिटांच्या गाण्यात जवळजवळ ८० लाख आकडे असतात. ऑडॅसिटीत आवाजाची ती निळी नक्षी दिसते ना, ती भिंगाचं चित्र दाबून मोठी मोठी करत न्या. शेवटी एकेक ठिपका वेगळा दिसायला लागतो. तेच हे आकडे.

गोधड्या कुठं नेल्यास रे?

आता खोली निवडायची. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टण्ण' अशी शेपटी ऐकू आली, तर ती खोली नको. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तीन मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. इतक्या लवकर परत आलेला आवाज मेंदू मूळ आवाजातच मिसळून टाकतो, म्हणून एरवी तो खटकत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र गाणं हौदात बसून म्हटल्यासारखं वाटतं.

स्लॅबच्या, फरशीच्या, रिकाम्या खोलीत हा त्रास जास्त होतो. कापूस, कापड, पोती यांच्यात आवाज शिरतो आणि तिथंच जिरतो. भोर-वेल्ह्याकडं भात पिकतो, तेव्हा ज्या खोलीत भाताची पोती रचलेली असतील ती खोली झकास. नाहीतर दोरीवर गोधड्या टाका, एक तुमच्या पाठीमागे आणि एक माईकच्या मागे. आजी ओरडलीच, "अरे, गोधड्या कुठं नेल्यास?" तर तिला गाणं ऐकवायचं कबूल करा.

पण एक लक्षात ठेवा. गोधडी खोलीतला घुमारा जिरवते, बाहेरच्या ट्रकला अडवत नाही. ट्रकच्या घरघरीत खालच्या पट्टीचा भाग मोठा असतो आणि असे आवाज भिंतीतूनही आत येतात. त्यावरचा उपाय पुढे सांगतो.

खोलीत आणखी एक चोर असतो. गिटारची एकेक तार छेडत जा आणि कान देऊन ऐका. एखाद्या विशिष्ट सुराला मांडणीवरचं एखादं ताट किंवा डबा 'झर्र' करून वाजतो. दुसऱ्या सुराला गप्प! प्रत्येक वस्तूची थरथरण्याची आपली एक गती असते. हवेतून नेमकी तीच गती आली की ती वस्तू आपोआप थरथरू लागते. याला अनुनाद म्हणतात. ते ताट शोधून काढा आणि त्याच्यावर फडकं ठेवा. मग पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर, आणि लॅपटॉप माईकपासून जमेल तितका लांब, कारण त्याच्या पोटातही पंखा असतोच.

माईक कुठं ठेवायचा?

पहिल्यांदा सगळेच माईक गिटारच्या भोकासमोर धरतात. आवाज तिथूनच येतो ना! पण तिथं रेकॉर्ड केलं की नुसतं 'बुम्म बुम्म' होतं. गिटारच्या खोक्यातली हवा त्या भोकातून आत-बाहेर करत असते, मोठ्या गिटारमध्ये सेकंदाला साधारण १०० वेळा. त्यामुळे भोकासमोर खर्जातले सूर फुगतात.

त्यापेक्षा बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी), वीतभर ते फूटभर अंतरावर माईक ठेवा. तिथं तारेचा आणि लाकडाचा आवाज बरोबर जमतो. बारावा फ्रेट कसा ओळखायचा? टेपनं तार मोजा. नेमकी अर्ध्यावर असेल ती जागा. तिथं तार दाबली की अर्धीच तार थरथरते, कंपनं दुप्पट होतात आणि तोच सूर वरच्या सप्तकात वाजतो.

गाताना मात्र माईकच्या आणखी जवळ या. याचं कारण मजेदार आहे. समजा, तुम्ही माईकपासून ६० सेंटिमीटरवर आहात. तिथून १५ सेंटिमीटरवर आलात, म्हणजे अंतर चौथाई झालं, तर माईकच्या पडद्यावर पडणारा तुमच्या आवाजाचा दाब जवळजवळ चौपट होतो. पण ट्रक काही जवळ आलेला नाही! त्याचा दाब होता तेवढाच राहतो. म्हणजे रस्त्याला हात न लावता तुम्ही रस्ता चार पट लांब ढकलला.

जवळ आलं की एक नवी अडचण उभी राहते. तोंडासमोर तळहात धरा आणि म्हणा: 'गवत'. आता म्हणा: 'फणस, भाकरी'. हातावर फुंकर बसली ना? आपल्या मराठीत ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ अशी श्वास सोडणाऱ्या अक्षरांची रेलचेल. ही हवा थेट माईकच्या पडद्यावर आदळली की 'भप्प' असा ठोका रेकॉर्ड होतो. भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ ओढणी ताणून बसवा आणि ती माईकच्या चार बोटं अलीकडे धरा. फुंकर कापडात मोडते, आवाज पलीकडे जातो. शिवाय माईक अगदी तोंडासमोर न ठेवता जरा बाजूला तिरपा ठेवा. फुंकर सरळ जाते, आवाज मात्र सगळीकडे पसरतो.

फाटलेलं भजन

गावच्या भजनाचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलंय? पखवाजाच्या शेजारी मोबाईल ठेवला असेल तर दर थापेला आवाज फाटतो. का? मोजपट्टी संपली म्हणून! १६ बिटच्या पट्टीवर सर्वांत वरची रेघ ३२,७६७ आणि सर्वांत खालची उणे ३२,७६८. आवाज त्याच्यावर गेला तरी कॉम्प्युटर ३२,७६७ च लिहितो. लाटेचा गोल माथा छाटला जातो आणि सपाट होतो. एकदा छाटलेला माथा पुन्हा पहिल्यासारखा आणता येत नाही.

म्हणून रेकॉर्ड करण्याआधी गाण्यातली सर्वांत मोठी ओळ म्हणून बघा. पडद्यावरच्या मीटरवर शून्य म्हणजे मोजपट्टीचं वरचं टोक; मीटरची पट्टी त्याला भिडता कामा नये. उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहिली तर छान. आवाज लहान वाटला तरी बिघडत नाही, तो नंतर वाढवता येतो.

आधी गिटार, मग गाणं

पूर्वी गायक आणि वादक एकत्र बसायचे आणि सगळं एकदम रेकॉर्ड व्हायचं. १९०२ मध्ये कोलकात्याला गायिका गौहर जान यांचा आवाज तबकड्यांसाठी रेकॉर्ड झाला, तेव्हा तर माईकच नव्हता. कर्ण्यात तोंड घालून खच्चून गायचं आणि तीनेक मिनिटांत आटपायचं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची ५६ गीतं दर आठवड्याला एक अशी आली, तेव्हा माईक होते, पण प्रत्येक वाद्य वेगवेगळं टिपून नंतर जुळवायची आजच्यासारखी सोय नव्हती.

त्याच सुमारास अमेरिकेत लेस पॉल नावाचा गिटारवादक घरीच उद्योग करत होता. आधी एक गिटार रेकॉर्ड करायची, ती ऐकत ऐकत दुसरी वाजवायची आणि दोन्ही मिळून पुन्हा रेकॉर्ड करायच्या. मग तिसरी! १९५१ मध्ये त्याचं आणि त्याची बायको मेरी फोर्ड हिचं असंच थरावर थर चढवलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. पण शेवटच्या थराला चूक झाली, तर आधीचे सगळे थर वाया जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तुम्हाला ती भीती नाही. ऑडॅसिटीत एका ट्रॅकवर गिटार आणि दुसऱ्यावर गाणं, दोन्ही वेगळे राहतात. आधी गिटार सुरात लावून घ्या. सॉफ्टवेअरचा टिक-टिक ताल हेडफोनमध्ये लावा आणि गिटार रेकॉर्ड करा. मग ती हेडफोनवर ऐकत गा. इथं स्पीकर लावू नका, नाहीतर गिटार पुन्हा गाण्याच्या माईकमध्ये शिरेल. ब्लूटूथचे हेडफोनही नकोत, कारण त्यांच्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल चुकतो. थोडा उशीर कॉम्प्युटरलाही लागतो. गाणं गिटारच्या जरा मागे पडलेलं वाटलं तर गाण्याचा ट्रॅक किंचित डावीकडे सरकवा.

आणि ट्रकचं काय? गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ वेळा थरथरते, सर्वांत बारीक ३३० वेळा. म्हणजे ८० च्या खाली जे काही आहे ते गिटारचं नाहीच! सॉफ्टवेअरमध्ये 'हाय-पास फिल्टर' असतो, तो सांगितलेल्या आकड्याखालचे आवाज दाबतो. गिटारच्या ट्रॅकवर त्याला ८० सांगा, आणि मुलांचा आवाज त्याहून बराच उंच असतो, म्हणून गाण्याच्या ट्रॅकवर १२०. घरघर बरीच खाली बसते. शिवाय प्रत्येक टेकच्या, म्हणजे प्रत्येक वेळच्या गाण्या-वाजवण्याच्या, आधी दहा सेकंद काहीही न करता रेकॉर्डिंग चालू ठेवा. तो तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'ला दाखवला की सॉफ्टवेअर 'एवढं नको' हे शिकतं आणि सतत चालणारी गुणगुण कमी करतं. मधेच वाजलेल्या हॉर्नवर मात्र त्याची मात्रा चालत नाही. ती ओळ पुन्हा गायची.

शेवटी नुसती बेरीज

दोन ट्रॅक एकत्र कसे होतात? बेरजेनं! एखाद्या क्षणी गिटारचा आकडा १,२०० आणि गाण्याचा उणे ४५० असेल, तर मिश्रणात ७५० लिहायचं. झालं मिक्सिंग! आवाज मोठा करायचा? प्रत्येक आकड्याला २ नं गुणा. उलटं गाणं हवंय? आकडे शेवटून वाचा. शाळेच्या वहीतलंच गणित, फक्त ८० लाख वेळा.

आता प्ले दाबा. पहिली प्रतिक्रिया काय असेल ते मी आत्ताच सांगतो: "ईऽऽ, हा माझा आवाज?" घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. दोन्ही कान बोटांनी बंद करून गुणगुणा. आवाज आतून, जाडसर येतो ना? रोज बोलताना आपल्याला आपला आवाज हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खालचे सूर जास्त पोहोचतात. माईकला फक्त हवेतला भाग मिळतो. म्हणजे इतरांना तुम्ही रोज ऐकू येता, ते असंच!

आता राहिला एकच प्रश्न. समजा, टेक झकास जमला, पण शेवटच्या ओळीमागे आजीची "चला रे जेवायला" ही हाक आली. ठेवायची की काढायची? हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही, त्याच्या लेखी ते सगळे आकडेच. काहींना ते गाणं बिघडलं असं वाटेल. काहींना वाटेल, आता ते आपल्या घरचं गाणं झालं. ठरवायचं तुम्ही. फक्त काय ठरवायचं ते ठरवण्याआधी फाईल सेव्ह करा, नाहीतर वीज जायची आणि हाकही जाईल, गाणंही.